चषकातला कोळी आणि आमचा अबोला

मे महिन्याच्या शेवटी आमच्या घराला रंग द्यायचं काम काढलं होतं. भिंतीवरच्या तसबिरी उतरवून व्हरांड्यात ओळीनं ठेवल्या होत्या. पवित्र हृदयाची तसबीर, फातिमा माता, आई-वडिलांचा फोटो, आणि त्यांच्या शेजारी एक जुनं, कडा पिवळ्या पडलेलं चित्र. पांढरा झगा घातलेला एक दाढीवाला बिशप, एका हातात बिशपची काठी, दुसऱ्या हातात चषक, आणि त्या चषकाच्या काठावर चक्क एक कोळी. मासे धरणारा नव्हे, जाळं विणणारा.

आमचे शेजारी पेपर परत द्यायला आले होते. बँकेतून निवृत्त झालेले, आपल्यासारखेच मराठी. त्यांचं घराणं शिंद्यांच्या काळापासून उज्जैनमध्ये आहे. ते चष्मा पुसून वाकून बघायला लागले.

"सर, हे कोण? आणि पेल्यात कोळी कशाला? चित्रकाराची चूक झाली की काय?"

मी म्हटलं, "चूक नाही. हे संत नॉर्बर्ट. संध्याकाळी टावरपाशी या, निवांत सांगतो."

फ्रीगंजमधल्या घंटाघरापाशी आम्हा निवृत्तांची रोजची बैठक असते. समोर चाटच्या गाड्या, पोरांचा गलका, वर घड्याळ. तिथं बसून मी शेजाऱ्यांना ही गोष्ट सांगायला घेतली आणि एका ठिकाणी अडकलो. का अडकलो, ते पुढे येईलच. राहिलेली गोष्ट इथं लिहून पुरी करतो आहे. आपल्यातल्या पुष्कळांना हा संत नावानंही माहीत नसेल, म्हणून आधी त्याची ओळख.

आमच्या उज्जैनच्या चर्चमध्ये संत नॉर्बर्टचा पुतळा नाही. उज्जैन धर्मप्रांत सीरो-मलबार परंपरेचा. इथं प्रेषित संत थॉमसचा मान मोठा. पण याच मध्य प्रदेशात, जबलपूरला, नॉर्बर्टचं नाव घराघरांत होतं. माझं बालपण तिथलं. वडील रेल्वेत, मूळचे नागपूरकडचे. जबलपूर आणि नागपूर तेव्हा आजच्याइतके परके नव्हते. जुन्या मध्य प्रांतात दोन्ही एकाच राज्यात होते, त्यामुळे मराठी कुटुंबं तिथं भरपूर. आणि तिथले फादर होते हॉलंडचे, नॉर्बर्टच्याच संघाचे.

हॉलंडमध्ये हेसवेक नावाच्या गावी बेर्न मठ आहे. त्या मठाची स्थापना ११३४ सालची, म्हणजे नॉर्बर्ट वारला त्याच वर्षाची. तिथले धर्मगुरू १९२० च्या दशकात जबलपूरला आले. १९३२ साली रोमनं जबलपूरचा मुलूख अलाहाबादपासून वेगळा करून त्यांच्याकडे सोपवला, १९५४ साली जबलपूर धर्मप्रांत झाला आणि त्यांच्यातलेच कॉन्रॅड डुबेलमन पहिले बिशप झाले. त्यांच्यानंतरचे बिशप लिओबार्ड डिसूझा पुढे नागपूरचे आर्चबिशप झाले. जबलपूरजवळ जमतरा इथं नॉर्बर्टच्या संघाचा मठ आजही आहे.

आम्हा पोरांना मात्र हा इतिहास ठाऊक नव्हता. आम्हाला ठाऊक होते ते पांढऱ्या झग्यातले, सायकलवरून येणारे, उन्हानं लालबुंद झालेले फादर. त्यांची हिंदी ऐकून आम्ही तोंड दाबून हसायचो. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांच्यातल्याच एकांनी आम्हाला कोळ्याची गोष्ट सांगितली आणि हे चित्र मला बक्षीस म्हणून दिलं.

गोष्ट अशी. नॉर्बर्ट मिस्सा अर्पण करत होते. द्राक्षारसावर आशीर्वाद झाला होता, आणि तेवढ्यात चषकात वरून एक कोळी पडला. त्या काळी लोक कोळ्याला जहरी समजत. आता करायचं काय? चषक ओतून द्यावा तर प्रभूच्या रक्ताचा अपमान; प्यावा तर मरण. नॉर्बर्टनं डोळे मिटले आणि कोळ्यासकट पिऊन टाकलं. मिस्सा संपली. ते वेदीपुढेच गुडघे टेकून मरणाची वाट बघत बसले. तेवढ्यात नाकात हुळहुळलं, एक जोराची शिंक आली आणि कोळी बाहेर!

फादर स्वतः शिंकून दाखवायचे आणि अख्खा वर्ग खो खो हसायचा. पुढे मी स्वतः शिक्षक झालो, तेव्हा मीही ही शिंक बरीच वर्षं वर्गात वापरली. पोरांना झोप येऊ लागली की नॉर्बर्टची शिंक काढायची. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे, हे मी सांगायचोच. पण पोरांना त्याचं काय!

खरा इतिहास त्याहून मोठा आहे.

नॉर्बर्टचा जन्म १०८० च्या सुमारास जर्मनीत, ऱ्हाईन नदीकाठच्या झांटन भागातला. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, आपल्या माळव्यात तेव्हा परमारांचं राज्य होतं, आणि ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माला अजून जवळजवळ दोनशे वर्षं होती. घराणं सरदारी. धाकट्या मुलाला चर्चमध्ये घालायची तेव्हाची रीत. त्याप्रमाणे तो झांटनच्या चर्चचा सेवक झाला, पण नावापुरता. पगार चर्चचा आणि वावर दरबारात. सम्राट पाचव्या हेन्रीच्या दरबारात त्याला चांगली जागा मिळाली. कपडे उंची, घोडा उमदा, बोलणं गोड. धर्मगुरूची दीक्षा घ्यायला मात्र तो तयार नव्हता. ती घेतली की मौज संपली. ११११ साली सम्राटानं रोममध्ये खुद्द पोपसाहेबांना कैद केलं, तेव्हा नॉर्बर्ट सम्राटाच्याच लवाजम्यात होता. त्याचं मन तिथं पहिल्यांदा खट्टू झालं म्हणतात. पण खट्टू होणं वेगळं आणि बदलणं वेगळं, हे आपण सगळेच जाणतो.

१११५ साली तो घोड्यावरून फ्रेडन गावाकडे निघाला होता. वाटेत वादळ आलं. त्याच्या घोड्याच्या पायाशीच वीज कोसळली. घोड्यानं फेकून दिलं, आणि तो बराच वेळ बेशुद्ध पडून होता. उठला तो दुसराच माणूस होऊन. संत पौलाची दमास्कसच्या वाटेवरची गोष्ट आपल्याला माहीत आहे; नॉर्बर्टच्या चरित्रकारांनाही तीच आठवली.

(जाता जाता एक गंमत. पुढे सहाशे वर्षांनी, १७५४ साली, याच संघाच्या प्रोकोप दिविश नावाच्या चेक धर्मगुरूनं आपल्या गावात विजेचा जोर कमी करायचं यंत्र उभारलं. संस्थापकावर वीज पडली आणि शिष्यानं विजेवर उपाय शोधला! विज्ञानाच्या तासाला मी हे आवर्जून सांगायचो.)

त्याच वर्षी डिसेंबरात नॉर्बर्टनं धर्मगुरूची दीक्षा घेतली. झांटनला परत जाऊन तो सहकाऱ्यांना सुधारायला लागला. त्यांनी काय केलं असेल? आपल्याकडे जे करतात तेच. काल आपल्याबरोबर मजा मारणारा आज आपल्याला शिकवतो म्हणजे काय! १११८ साली त्याला फ्रिट्झलार इथल्या धर्मसभेपुढे उभं केलं: हा परवानगी नसताना प्रवचनं करतो, साधूसारखे कपडे घालून फिरतो. त्यावर नॉर्बर्टनं आपली सगळी मालमत्ता विकली, पैसा गरिबांना वाटला आणि अनवाणी चालत दक्षिण फ्रान्समधल्या सेंट-जिल इथं पोप दुसरे गेलासियस यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. पोपसाहेबांनी त्याला कुठंही प्रवचन करायची परवानगी दिली.

परतीच्या वाटेवर थंडीनं हाल झाले. १११९ साली वालेंसियेन गावात त्याचे तीन सोबती आजारी पडून वारले. तिथंच त्याला ह्यू नावाचा, बिशपच्या पदरी असलेला एक धर्मगुरू भेटला. ह्यूच्या बिशपसाहेबांनी नॉर्बर्टला दरबारात भरजरी कपड्यांत पाहिलेलं होतं. आता त्याला थंडीत अनवाणी बघून त्यांना रडू आवरेना. ते बघून ह्यू त्याच्यामागे निघाला तो कायमचा. पुढे ११२० साली फ्रान्समध्ये लाँच्या बिशपांच्या आधारानं प्रेमोंत्रे नावाच्या ओसाड दरीत नॉर्बर्टनं वस्ती केली, आणि ११२१ च्या नाताळात तिथं सोबत्यांनी व्रतं घेतली. संत ऑगस्टीनचा नियम, पांढरा झगा, मठातली प्रार्थना आणि गावातली सेवा, दोन्ही एकत्र. जबलपूरला मी पाहिलेला तो पांढरा झगा या दरीतून आलेला.

आता मुख्य गोष्ट. नॉर्बर्ट गावोगाव फिरून काय करायचा? मिस्सा, प्रवचन हे तर होतंच. पण लोक त्याला ओळखत ते वेगळ्या कारणानं. तो भांडणं मिटवायचा. तो काळ वैराचा होता. या घराण्यानं त्या घराण्यातला एक मारला, मग त्यांनी यांचे दोन मारले, असं पिढ्यान् पिढ्या चालायचं. नॉर्बर्ट गावात आला की मेंढपाळ आपले कळप सोडून पुढे धावायचे, वर्दी द्यायला. लोक जमायचे. तो दोन्ही बाजूंना चर्चमध्ये बोलवायचा, मिस्सा अर्पण करायचा, आणि कोणत्याही घरात शिरताना आधी त्या घराला शांती मागावी ही जी प्रभूची आज्ञा आहे, तिच्यावर बोलायचा. मी तुमच्याकडे पैसा मागायला आलो नाही, शांती मागायला आलो आहे, असा त्याचा सूर. बऱ्याचदा वेदीपाशीच वैरी एकमेकांना मिठी मारायचे.

जुन्या चरित्रात एक प्रसंग आहे. अशाच एका गावात सगळे तयार झाले, एकटा सरदार तयार होईना. तो रागानं बाहेर पडला, घोड्यावर बसला, टाच मारली. घोडा हलेना. पुन्हा मारली. घोडा जागचा हलेना. लोक बघतायत, घोडा उभाच. शेवटी सरदार खाली उतरला, आत आला आणि क्षमा मागितली.

दुसरा प्रसंग मात्र पक्क्या इतिहासातला आहे. वेस्टफालियात कापेनबर्ग नावाचा मोठा किल्ला होता. त्याचे धनी दोन भाऊ, गॉडफ्रे आणि ऑटो. थोरल्या गॉडफ्रेनं नॉर्बर्टचं प्रवचन ऐकलं आणि किल्लाच नॉर्बर्टच्या संघाला द्यायचं ठरवलं. धाकटा भाऊ खवळला. गॉडफ्रेची बायकोही राजी नव्हती, सासरा तर लढाईची भाषा करायला लागला. पण गॉडफ्रे भांडला नाही, थांबला. हळूहळू भाऊ वळला, बायकोही वळली. ११२२ साली किल्ल्याचा मठ झाला आणि पुढे दोघे भाऊ एकाच पांढऱ्या झग्यात आले. गॉडफ्रे तिशीतच, ११२७ साली वारला. त्यालाही संत मानतात.

टावरपाशी मी हे इथपर्यंत सांगितलं. शेजारी ऐकत होते. मग अगदी सहज म्हणाले, "सर, तुमचे धाकटे बंधूही जबलपूरलाच ना? बरे आहेत ना? बऱ्याच वर्षांत आले नाहीत इकडे."

मी इथं अडकलो.

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझा धाकटा भाऊ आणि मी अकरा वर्षं बोललेलो नाही. कारण? वडिलांचं जबलपूरचं घर. दोन खोल्या पुढच्या, दोन मागच्या, आणि मध्ये अंगण. आई गेल्यावर वाटणीचं बोलणं निघालं. कागदाप्रमाणे पुढच्या खोल्यांतली एक माझी. भावाचं म्हणणं, आई-वडिलांचं आजारपण त्यानं आणि त्याच्या बायकोनं काढलं, मी उज्जैनला बसून पैसे पाठवले, म्हणून पुढची बाजू त्याची. शब्दानं शब्द वाढला. मी म्हणालो, कागद बघ. तो म्हणाला, दादा, तू कागदच बघ. झालं. तेव्हापासून लग्नाला, मयताला एका छताखाली आलो असू, पण एकमेकांकडे बघितलं नाही.

शेजाऱ्यांना मी म्हटलं, "हो, बरा आहे." आणि गोष्ट तिथंच थांबवून घरी आलो.

रात्री झोप लागेना. रंगाचा वास होता, त्याला दोष दिला. पण खरं कारण मला माहीत होतं. वेदीपाशी दान घेऊन उभा असताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये, हे प्रभू येशूनं सांगितलेलं मी किती वर्षं मुलांना शिकवलं! परीक्षेत प्रश्न घातला, पाच गुणांचा. आणि मी स्वतः अकरा वर्षं दर रविवारी रांगेत उभा राहून ख्रिस्तशरीर स्वीकारत होतो. मी मनाशी म्हणायचो, माझ्या मनात काही नाही, त्याच्याच मनात आहे. पण प्रभूचं म्हणणंच ते आहे. भावाच्या मनात असलं तरी जायचं आपण.

पण तेवढ्यात माझ्यातला वकील जागा झाला. शिक्षकात एक वकील असतोच. तो म्हणाला, अरे, नॉर्बर्ट स्वतः हक्कासाठी भांडलाच की! आणि हे खरं आहे, म्हणून तेही सांगायला हवं.

११२६ साली नॉर्बर्टला माग्डेबुर्गचा आर्चबिशप केलं. त्याच्या मनाविरुद्ध. नवा आर्चबिशप येणार म्हणून शहर सजलं, आणि नॉर्बर्ट आला अनवाणी, जुन्या झग्यात. सगळे वाड्यात शिरले, शेवटी हा आत जायला लागला तर दरवानानं अडवलं: भिकारी कधीच आत गेलेत, तू थोरामोठ्यांच्या मध्ये कुठं घुसतोस? लोक ओरडले, अरे, ते आर्चबिशप आहेत! दरवान घाबरून पळायला लागला. नॉर्बर्ट हसून त्याला म्हणाला, घाबरू नकोस, मला इथं ओढून आणणाऱ्यांपेक्षा तूच मला जास्त ओळखतोस.

पण आत गेल्यावर हा भिकारी कणखर निघाला. चर्चच्या जमिनी, ज्यांच्या उत्पन्नावर गरिबांचं चालायचं, त्या सरदारांनी बळकावल्या होत्या. नॉर्बर्टनं एकेक परत मागायला सुरुवात केली. धर्मगुरूंनी ब्रह्मचर्याचं व्रत पाळलंच पाहिजे, असा हट्ट धरला. गाव उलटलं. एका पवित्र गुरुवारी पापनिवेदनाच्या निमित्तानं एक माणूस आला. नॉर्बर्टला संशय आला, झगा उघडून पाहिलं तर आत सुरा. ११२९ साली तर दंगलच झाली. रात्री जमाव कॅथेड्रलवर चालून आला, आणि नॉर्बर्टला सोबत्यांसह बुरुजात आसरा घ्यावा लागला. शहरात भोवती रात्रभर आरडाओरडा आणि वर बुरुजात बसलेला शांतीचा संत! आमच्या टावरकडे बघताना मला हल्ली हेच चित्र दिसतं.

म्हणजे नॉर्बर्ट सगळ्यांशी गोड गोड बोलणारा नव्हता. मग त्याच्या भांडणात आणि माझ्या भांडणात फरक काय? त्या रात्री बराच विचार केला, आणि जे हाती लागलं ते शिक्षकाच्या सवयीनं फळ्यावर लिहितो तसं लिहितो. नॉर्बर्टनं स्वतःचं होतं ते सगळं सोडलं. दुसऱ्याचं, गरिबांचं, राखायला दिलेलं होतं, ते मात्र जिवावर बेतलं तरी सोडलं नाही. आपण नेमकं उलट करतो. सगळ्यांचं असतं तिथं म्हणतो, जाऊ दे, आपल्याला काय करायचंय. पॅरिशचा हिशेब असो, सोसायटीचं पाणी असो, शाळेच्या गरीब पोराची फी असो. आणि स्वतःची एक खोली आली की कागद काढतो.

ती खोली बारा बाय दहाची आहे. अकरा वर्षांत मी तिच्यात एक रात्र झोपलेलो नाही.

नॉर्बर्टचं पुढचं थोडक्यात. चर्चमध्ये एकाच वेळी दोन पोप उभे राहिले होते. नॉर्बर्ट दुसऱ्या इनोसंटच्या बाजूनं राहिला आणि ११३३ साली राजा लोथारबरोबर रोमला गेला. लोथारला तिथं सम्राटपदाचा मुकुट मिळाला. प्रवासात नॉर्बर्टची तब्येत ढासळली. ६ जून ११३४ ला माग्डेबुर्गमध्ये त्याचं निधन झालं. ज्या गावानं त्याला मारायला सुरा पाठवला, तेच गाव आता त्याच्या देहासाठी भांडायला लागलं. कॅथेड्रलचे लोक म्हणाले, आमचा आर्चबिशप, आमच्याकडे पुरणार. संघाचे लोक म्हणाले, आमचा संस्थापक, आमच्या मठात. शेवटी सम्राटानं निवाडा केला आणि त्याला माग्डेबुर्गमधल्याच संघाच्या मठात पुरलं. भांडणं मिटवणाऱ्याच्या मयतावरून भांडण! माणूस तेव्हाही तोच होता.

त्याला संत म्हणून जाहीर करायला वेळ लागला. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली त्याच्या भक्तीला अधिकृत मान्यता दिली, मृत्यूनंतर ४४८ वर्षांनी. दरम्यान माग्डेबुर्ग प्रोटेस्टंट झालं होतं. संघानं बऱ्याच खटपटीनंतर १६२७ साली त्याचे अवशेष प्रागला, स्त्राहोव मठात नेले. ते आजही तिथं आहेत. बोहेमियाच्या पालक संतांत त्याची गणना होते. चित्रात कधी त्याच्या हातात पवित्र भाकर दर्शनाला ठेवायचं सोनेरी किरणांचं पात्र असतं, कधी कोळीवाला चषक. अँटवर्प शहरात पवित्र भाकरीवरची श्रद्धा त्यानं पुन्हा जागवली, त्याची ती आठवण. पात्र मात्र त्याच्या काळात नव्हतं, ते चित्रकारांनी मागाहून दिलं.

माझ्या शेजाऱ्यांनी मला विचारलं होतं, "सर, म्हणजे तुम्ही यांची पूजा करता?" मी म्हटलं, पूजा देवाची. संतांचा आदर. त्यांना आपण म्हणतो, आमच्यासाठी प्रार्थना करा. ते म्हणाले, "आमच्याकडे पुण्यतिथी करतात, त्या दिवशी त्यांचा एखादा गुण घ्यायचा म्हणतात. घेतो कोण!" आणि हसले. मला ते वाक्य टोचलं. साठ वर्षं ते चित्र माझ्याजवळ आहे. धूळ पुसली, हार घातला, ६ जूनला मेणबत्ती लावली. आदर म्हणजे तेवढाच असेल, तर तो तसबिरीचा झाला, संताचा नाही.

घर सोडून मठात जायला आपल्याला कोणी सांगत नाही. शॅम्पेनचा सरदार थिबो नॉर्बर्टकडे आला आणि म्हणाला, मला तुमच्यात घ्या. नॉर्बर्टनं त्याला परत पाठवलं: लग्न कर, कारभार नीट चालव, गरिबांना बघ, आणि झग्याखाली ही छोटी पांढरी पट्टी घाल. संसारी माणसानं संसारातच संघाची शिकवण पाळायची, ही वाट तिथून पडली म्हणतात. म्हणजे आपल्यासारख्यांना सबब उरत नाही.

यंदा ६ जूनला सकाळी मिस्सा ऐकून आलो. रंग वाळला होता, तसबिरी परत लावून झाल्या होत्या. बायको म्हणाली, "आज काय तो फोन हातात घेऊन बसलाय?" मी तिला काही सांगितलं नाही. भावाचा नंबर लावला. मनात सारखं येत होतं, मी मोठा, त्यानं आधी करायला हवा. माझा घोडा हलत नव्हता म्हणा ना.

फोन भावजयीनं उचलला. "कोण?" मी नाव सांगितलं. पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग तिचा आवाज, "दादा? थांबा हं," आणि तिनं त्याला हाक मारली. तो आला. दोघंही गप्प. शेवटी तोच म्हणाला, "उज्जैनला फार ऊन असेल ना?"

"हो. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे पण. पाऊस लांबलाय असं वाटतंय."

अकरा वर्षांनी आम्ही पाच मिनिटं हवामानावर बोललो. आईचं नाव निघालं नाही, खोलीचंही नाही. मी म्हणालो, "पाऊस सुरू झाला की येतो." तो म्हणाला, "ये. मागच्या खोलीत ओल येते, पुढच्या खोलीत झोप." एवढंच. फोन ठेवल्यावर मात्र मला खुर्चीतून उठता आलं नाही.

जुलैतलं रेल्वेचं तिकीट काढलं आहे. हक्कसोडपत्राचा कागद वकिलाकडून करून घेतला आहे. तो भावाला देईन तेव्हा तो घेईल की पुन्हा चिडेल, मला सांगता येत नाही. 'तुझी दया नको' असंही म्हणेल. म्हटलं तर ऐकून घेईन. गॉडफ्रे थांबला होता, मीही थांबेन.

हे पान वाचणाऱ्यांत असा एखादा नंबर कोणाच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं न लावलेला असेल, तर माझ्यासारखी अकरा वर्षं लावू नका. दुसऱ्यानं आधी करावा म्हणून बसलात तर घोडा हलत नाही. हवामानावर बोललात तरी चालतं.

— एक निवृत्त शिक्षक, टावर चौक, उज्जैन